लाल खारव्यातले पार्सल

मी अमरावतीला कॉलेजात गेलो, तेव्हापासून आमच्या घरी टपाल येऊ लागले. त्याआधी आम्हाला कोणी पत्र लिहावे असे कारणच नव्हते. आमचे सगळे नातेवाईक बैलगाडीने दिवसभरात गाठता येतील एवढ्याच टापूत राहणारे. कोणाचे लग्न ठरले, कोणी वारले, कोणाची म्हैस व्याली, तर त्या वाटेने जाणाऱ्या माणसाला सांगायचे. तो पुढच्याला सांगे आणि निरोप आमच्या मळ्यात येऊन पोचे. निरोप वाटेत हरवला असे मी लहानपणी कधी ऐकले नाही. थोडा वाढून येई, एवढेच.

आम्ही माळी. नाल्याच्या काठाला आमचा लहानसा मळा आहे आणि एक विहीर. वांगी, मेथी, कांदे, लसूण असे काढायचे आणि बाजारात नेऊन विकायचे, हे बाबांचे आयुष्य. बाबांना वाचता येत नाही, आईलाही नाही. मला शाळेत घातले ते मास्तरांनी हट्ट धरला म्हणून. मास्तर आमच्या बाजारगावच्या शाळेत शिकवत आणि त्याच शाळेच्या ओसरीवर टपालाचे कामही पाहत. जऊळक्याच्या टेशनावर आगगाडीतून थैली उतरे, ती पायी मास्तरांकडे येई. आमच्या खेड्यापर्यंत टपालवाल्याने यावे असा नियम होता म्हणतात, पण नाल्याला पाणी असले की तो येणार कसा? म्हणून मास्तरांनी आपली एक पद्धत बसवली होती. बाजाराच्या दिवशी ते टपाल काखेत घेऊन बाजारात फिरत आणि ज्या गावचा माणूस दिसेल त्याच्या हाती त्या गावची पत्रे देत. पुस्तकात मी वाचले होते की टपाल घरपोच येते. आमच्याकडे ते बाजारातून कोणाच्या तरी पागोट्यात खोचून येई.

मला या साऱ्याचे फार नवल वाटे. अजूनही वाटते. अमरावतीच्या खोलीत बसून मी एक कार्ड लिहितो, ते डब्यात टाकतो, आणि काही दिवसांनी आमच्या विहिरीवर बसून मास्तरांचा एखादा विद्यार्थी ते बाबांना वाचून दाखवतो. मधल्या माणसांपैकी एकालाही मी ओळखत नाही. सोबतच्या मुलांना हे सांगितले तर ती हसत. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळेपासून टपाल येत होते. मग मी सांगणे सोडून दिले.

पहिल्या वर्षी अमरावतीच्या भाजीबाजारात मी फुलगोबी पाहिली. आमच्याकडे तोवर ती कोणी लावत नसे. मी बाबांना कार्डावर लिहिले, की पांढरीशुभ्र, पागोट्याएवढी भाजी असते आणि लोक ती हौसेने घेतात. मला वाटले बाबा हसून सोडून देतील. पण त्यांचे उत्तर आले. मास्तरांच्या अक्षरात होते, बोलणे मात्र बाबांचेच: "बी पाठव. विहिरीजवळचा तुकडा रिकामा ठेवतो."

विहिरीजवळचा तुकडा म्हणजे आमच्या मळ्यातली सगळ्यात चांगली जमीन. हिवाळ्यात तिथे लसूण नि कांदे असायचे, आणि घराचा हिवाळा त्यावर निघायचा. तो तुकडा बाबांनी माझ्या एका कार्डावर मोकळा ठेवला होता.

मी बियांच्या दुकानात जाऊन बी घेतले. पुड्या एकत्र केल्या आणि आमच्या वसतिगृहाखाली बसणाऱ्या शिंप्याकडे शिवायला दिल्या. त्याच्याकडचे पांढरे कापड संपले होते. त्याने लाल खारव्याचा एक नवा तुकडा काढला, म्हणजे ते जाड तांबडे कापड, आणि म्हणाला, "हे पक्कं आहे. फाटणार नाही." मला ते आवडलेही. टपालकचेरीत कारकुनाने शिवणीवर लाखेचे ठिपके दिले, शिक्के मारले आणि मला पावती दिली. ती पावती मी वहीत जपून ठेवली. आपण सरकारच्या हाती काहीतरी सोपवले आणि सरकारने ते मान्य केले, असे मला वाटत होते.

दसऱ्याच्या सुटीत मी घरी आलो तेव्हा नवरात्र निम्म्यावर गेले होते. जऊळक्याला उतरून चालत मळ्यात पोचलो. बाबा विहिरीजवळ उभे होते. रोपांसाठी केलेला वाफा इतका सुंदर होता, की मला आधी तोच दिसला. माती चाळून घेतल्यासारखी बारीक, कडेला हाताने थापलेला बांध. आणि वाफ्यात काहीही नव्हते.

"आला का बाबू?" बाबा म्हणाले. "बी संगंच आनलं वाट्टे?"

"मी पार्सल केलं होतं बाबा. केव्हाच."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मग वाफ्याकडे पाहिले. शेजारच्या शेतातले काका बांधावर आले होते. ते म्हणाले, "काय माळीबुवा, अजून गोबी उगवलीच नाई? का मनातल्या मनात पेरली?"

"मनातली तर कईच उगवली," बाबा म्हणाले. "जमिनीतलीचीच वाट पाहून राह्यलो."

काका हसत गेले. बाबांनी मला विचारले, "आता पेरलं नाई तं मंग थंडी सरल्यावर पेरू का? मले तर वाटलं तूच घेऊन येशील."

मी वहीतून पावती काढून दाखवली. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "हे त्यायनं घेतलं म्हून लिहून देल्लं ना? मंग चाल मास्तरकळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मास्तरांकडे गेलो. शाळेला सुटी होती. ओसरीवर मास्तर एकटेच पत्रे लावत बसले होते. मी पावती पुढे केली. त्यांनी ती पाहण्याआधीच सांगितले, "लाल पार्सल ना? आलं. तुझं अक्षर ओळखलं मी. बाजाराच्या दिवशीच तुमच्या गावच्या मामांच्या हाती दिलं." मग त्यांचा चेहरा बदलला. "पोचलं नाही?"

हे मामा म्हणजे आमच्या गावचे एक शेतकरी. नाते काही नाही, सारा गाव त्यांना मामा म्हणे. बाबा म्हणाले, "मामा तर बाजारातून गावात आलेच नाईत. त्याइले लेकीच्या घरून निरोप आल्ता, पोरगी बाळंत झाली म्हून. थे तसेच तिकळे गेले."

माझ्या तोंडून निघून गेले, "पण पार्सल असं कोणाच्याही हाती देतात का?" बोलल्यावर मी जीभ चावली. मास्तर रागावले नाहीत. ते म्हणाले, "नाही देत. तुला तक्रार लिहायची असेल तर कागद मी देतो, आणि ती वरती पाठवीनही मीच. पण कागद जाऊन परत येईपर्यंत तुझ्या बाबांच्या पेरणीचे दिवस निघून जातील. तोवर आपण पायांनी शोधू. चालेल?"

त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. आम्ही तिघे निघालो. त्या दिवशी मास्तर माणसांना कसे विचारत गेले, ते मी विसरलेलो नाही.

मामांच्या लेकीचे गाव जवळच होते. मामा ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. आम्हाला तिघांना एकदम पाहून ते घाबरले. मला वाटत होते, मास्तर विचारतील की पार्सल कुठे हरवले. त्यांनी आधी बाळ हातात घेतले, "आज्यावर गेलाय" म्हणाले, आणि मग विचारले, "मामा, ते लाल पार्सल तुमच्या हातून पुढं कोणाच्या हाती गेलं?"

हरवल्याचा शब्दसुद्धा त्यात नव्हता. मामांनी कपाळावर हात मारून घेतला, पण बोलले सरळ. "कासारनीच्या टोपल्यात ठुलं मी. थे आपल्याच वाटनं जाऊन राह्यली होती ना. म्या तिले सांगतलं, माय, हे माळीबुवाच्या मळ्यात देजो. पोचलं नाई का?"

"पोचेल," मास्तर म्हणाले.

कासारीण म्हणजे गावोगाव बांगड्या भरत फिरणारी बाई. आमच्या आईच्या हातात लग्नापासून तिच्याच बांगड्या. तिचे घर वाटेवरच्या गावात. आम्ही गेलो तेव्हा ती खाटेवर पडलेली होती, नुकताच ताप उतरलेला. तिची सून दारात आली. मास्तरांनी पुन्हा तसेच विचारले. आधी तब्येत, मग काढ्याची चौकशी, आणि मग, "माय, तुमच्या टोपल्यातून ते पुढं कोणाच्या हाती गेलं?"

कासारीण उठून बसली. "अगं माय! थे तर माळीबुवाचं होतं! मले रस्त्यातच हुडहुडी भरली. घरी आली आन् पडली. मंग मले सुदच नाई." तिने सुनेकडे पाहिले. "टोपल्यातलं लाल गाठोळं कोठी हाये वं?"

सून एकदम पांढरी पडली. तिने पदर तोंडाशी धरला. मास्तर खाली मान घालून वहाणेचा पट्टा नीट करीत बसले. तिला घाई नाही असे वाटावे म्हणून ते तसे करत होते, हे मला फार दिवसांनी कळले. शेवटी ती हळूच म्हणाली, "म्या तं देवीले धाडलं."

मग तिने सांगितले आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे नवरात्रात एक रीत आहे. ज्या बाईला देवीच्या टेकडीवर जाणे होत नाही, ती ओटीचे सामान लाल कापडात बांधून वाटेवरच्या कोणाच्याही हाती देते. त्याने ते पुढच्या गावापर्यंत न्यायचे आणि पुढच्याच्या हाती द्यायचे. ते कोणी नाकारायचे नाही, उघडायचे नाही आणि जमिनीवर ठेवायचे नाही. सासू तापात, टोपल्यात लाल कापडाचे नवेकोरे गाठोडे, त्यावर तांबडे ठिपके लावलेले. सुनेला लाखेची मोहोर काय माहीत? तिला वाटले कोणीतरी कुंकू लावून धाडले आहे. सकाळी देवीला जाणाऱ्या बायांच्या हाती तिने ते दिले.

"रातभर म्या थे शिक्यात टांगून ठुलं होतं जी," ती मास्तरांना म्हणाली. "खाली नाई ठुलं."

बाबा पुढे आले. ते म्हणाले, "चांगलं केलं माय तुनं. खाली ठुलं असतं तं उंदरानं खाल्लं असतं."

ती रडायचीच राहिली होती, ती हसली. आम्हाला गूळपाणी घेतल्याशिवाय तिने जाऊ दिले नाही.

देवीचे ठाणे टेकडीवर आहे. दगडी चौथरा, वर लहानसे छप्पर, पुढे झाडून घेतलेले अंगण. तिथे एक गुरवीण असते. आवाज मोठा, रुबाब त्याहून मोठा. आम्ही पायरीशी पोचायच्या आत तिने ओरडून सांगितले, "वहाना तिकळेच!"

घट मांडलेला होता. मातीत पेरलेले गहू वीतभर उंच आले होते, पिवळेधमक. आणि घटाला टेकून माझे पार्सल. त्याच्यावर हळद होती, कुंकू होते, झेंडूचे फूल होते. कुंकवाखालून माझे अक्षर अर्धे दिसत होते, बाबांचे नाव तेवढे वाचता येत होते. रोज घटाला घातलेले पाणी पाझरून एका कोपऱ्याला खारवा ओला झाला होता. त्या कोपऱ्यात, शिवणीच्या टाक्यांमधून, हिरवे बारीक कोंब बाहेर आले होते. प्रत्येकाला इवलीशी दोन पाने.

बाबा खालीच बसले. त्यांनी हात जोडले. देवीला की कोंबांना, ते मला सांगता येणार नाही.

मी घाईने पावती काढली. "बाई, हे आमचं पार्सल आहे. ही पावती."

गुरविणीने कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला. "हे काय हाये?"

"पावती. हे माझं आहे याची."

"आन् देवीजवळ हाये का अशी?" ती म्हणाली. "नाई ना? मंग दोघंबी सारखेच." मास्तरांना हसू आवरेना. गुरवीण पुढे म्हणाली, "तुमचं असंन तं तुमचं. मी काई खात नाई थे. पन घट हालेपर्यंत इथलं काईच हालत नाई. दसऱ्याले या."

मी बाबांकडे पाहिले. दसऱ्यापर्यंत कोंब त्या कापडात गुदमरून पिवळे पडले असते, हे मला कळत होते तर त्यांना किती कळत असेल. ज्या बियाण्यासाठी त्यांनी विहिरीजवळचा तुकडा मोकळा ठेवला, ते डोळ्यांसमोर होते आणि हात लावता येत नव्हता. मला वाटले ते आता विनवणी करतील. मास्तर मध्ये बोलतील असेही वाटले. पण ते बाबांकडेच पाहत होते.

बाबांनी अंगणाच्या कडेची माती चिमटीत घेतली. बोटांनी चुरली. वास घेतला.

"माय," ते म्हणाले, "नाई हालवत आमी इथून. पन मातीत तं टाकू देशीन? उपाशी हाये थे."

"इथल्या इथं?"

"इथल्या इथं. तुह्याच आंगनात. भायेर एक दाना नेत नाई."

गुरविणीने वाकून माती पाहिली. मग देवीकडे पाहिले, जणू तिला विचारले, आणि म्हणाली, "इथल्या इथं म्हनते तं कोण नाई म्हनंल? पन कडुनिंबाच्या आंगाले करा. इकळं पाय पडतेत लोकायचे."

बाबांनी धोतर खोचले. गुरविणीने खुरपे दिले. मास्तरांनी सदरा काढून कडुनिंबाला टांगला आणि ते टेकडीखालच्या विहिरीवरून पाणी आणू लागले. माझ्या मास्तरांना मी पहिल्यांदाच उघड्या अंगाने पाहिले. मी माती फोडत होतो. वाफा झाला, आमच्या मळ्यातल्यासारखाच, कडेला थापलेला बांध. मग बाबांनी बाभळीच्या काट्याने शिवण उसवली, एकेक टाका. एकही कोंब तुटू नये म्हणून ते श्वाससुद्धा बाजूला सोडत होते. ओल्या पुडीतले कोंब त्यांनी एकेक करून मातीत बसवले. कोरड्या राहिलेल्या पुडीतले बी ओळींत पेरले. उन्हे कलली तरी त्यांचे चालूच होते. शेवटी गुरवीणच म्हणाली, "असं तं मी लेकराले बी नाई निजवलं कधी."

दसऱ्यानंतर मी अमरावतीला परतलो. मास्तरांच्या अक्षरात बाबांची कार्डे येत राहिली. गुरवीण सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. एका शेळीने डोकावले, गुरविणीने तिला टेकडीखालपर्यंत पळवले. वर्गातली मुले मैदानावर खेळत असताना मी ती कार्डे वाचत बसे.

दिवाळीत घरी आलो तेव्हा रोपे लावणीला आली होती. घट केव्हाच उठला होता, आता ती नेता येत होती. आम्ही टोपली घेऊन टेकडीवर गेलो. बाबांनी रोपे मुळाच्या मातीसकट उचलली, पळसाच्या पानांत गुंडाळली. पण आधी एक ओळ त्यांनी तिथेच, गुरविणीच्या अंगणात, नीट अंतर ठेवून लावून दिली. परत येताना कासारणीच्या दारात थांबले. सुनेच्या हातात काही रोपे दिली आणि पाणी किती घालायचे ते सांगितले. मामांच्या लेकीच्या परसात काही लावली. शाळेच्या ओसरीखाली मास्तरांसाठी काही. मी टोपलीकडे पाहत होतो. ती हलकी होत चालली होती.

"बाबा, आपल्याला पुरतील का?"

"नाई पुरत," बाबा म्हणाले. "पन ज्याइच्या ज्याइच्या हातातून आली, त्याइले दावायची नाई का झाळं कसं असते थे?"

विहिरीजवळच्या तुकड्यात रोपे लावून झाल्यावर कडेच्या ओळी रिकाम्याच राहिल्या. तिथे आईने लसूण टोकला. शेजारचे काका बांधावर येऊन म्हणाले, "माळीबुवा, गोबी तर कमीच दिसते!"

बाबांनी हाताने रस्त्याकडे दाखवले. "इथं दिसते तेवळीच नाई जी. थेट देवीपावतर लावली यंदा."

नाताळच्या सुटीत मी घरी होतो. आमच्या तुकड्यातली गोबी धरू लागली होती. गड्डे लहान होते, काहींना अळी लागली होती, पण पांढरे होते आणि बाबा ते पानांनी झाकून ठेवत. त्या वर्षी पुढे गाडी भरून गोबी बाजारात गेली आणि घराचा हिवाळा निघाला, हे मी सांगतो आहे ते बाबांच्या तोंडचेच. त्या सुटीत एके सकाळी बाबा म्हणाले, "चाल, बाकीची पाहून येऊ." शाळेची पाहिली. मामांच्या लेकीकडची पाहिली. कासारणीची सून आम्हाला पाहून धावत बाहेर आली आणि गड्ड्याजवळ नेऊन म्हणाली, "हात नोका लावू, सासूबाई मोजते रोज."

टेकडीवर गेलो तर गुरविणीच्या ओळीत एक झाड गड्ड्याशिवाय उभे. मला वाटले गड्डा शेळीने खाल्ला. बाबा चौथऱ्याकडे गेले आणि तिथेच थांबले. झेंडूची माळ बाजूला सारून गुरविणीने पहिला गड्डा देवीच्या पायाशी ठेवला होता. पानांतून तो पांढराशुभ्र दिसत होता.

"माय," बाबा म्हणाले, "खायाची असते थे. इथं ठुली तं सुकून जाईन."

गुरवीण पाण्याची कळशी खाली ठेवत म्हणाली, "मंग? हिनंच तं उगवली. आधी हिले पाहू दे. दुपारी आपुन खाऊ. तिखट आनलं का घरून?"